डब्यातली मासोळी

माहा भाऊ पंजाबराव डब्यातली मासोळी खाऊन मेला, असं वडनेरात लोक अजून म्हनतात, आन मले त्याचा भल्ला राग येते. त्याच मासोळीनं त्याले एकदा जगवलंबी होतं, ते मात्र कोनी सांगत नाही. अर्धी गोष्ट सांगाची आन तोंड पुसून मोकळं व्हाचं, ही आमच्या गावाची जुनी खोड हाय. म्हनून पुरी गोष्ट मीच सांगते.

मी झुंबरबाई, त्याची धाकटी बहीन. माहं माहेर आन सासर एकाच गावात, दादाच्या दारासमोरच माहं दार. मालक गेले तवापासून मी मटन-मासोळी सोडली. वहिनी, मनकर्णाबाई, ती त माळकरीच. लगीन होऊन आली तवाच गळ्यात तुळशीची माळ घेऊन आली. दादा मात्र पक्का खानारा. म्हनून त्यायच्या घरात पयल्यापासून कायदा ठरलेला. असलं काही शिजवाचं त गोठ्यामांगं, तीन दगडाच्या चुलीवर. त्याची शिजवाची गंजी न्यारी, जर्मनची ताटली न्यारी. घासाची त्यानंच, आन ठेवाचीबी गोठ्यातच. चूळ भरल्याबिगर उंबरा ओलांडाचा नाही. दादा हसे अन् म्हने, "झुंबरे, तुही वहिनी एक दिवस मलेच गोमूत्र शिंपडून घरात घेईन." पन जन्मभर त्यानं ते पाळलं. वहिनीचा धाक होता म्हना, का जीव होता म्हना.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्सं झाली असतीन. त्या साली दादाले मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पन मानूस राह्यलाच नाही, निरा हाडाचा सापळा. ओट्यावरून उठाचं त दोघायनं धराव लागे. नांदुऱ्याचा डॉक्टर म्हने, "यांना ताकदीचं खायला द्या. अंडी द्या, मासे द्या." आता आमच्याकडं मासोळी रोज कुठून आनाची? नदीची मासोळी बाजाराच्या दिवशी आली त आली, नाही त गोविंद गोविंद.

दादाचा पोरगा जानराव तवा मुंबईले होता, बंदरावरच्या एका गोदामात. तिथून जहाजावरच्या लोकायसाठी डब्यातलं खानं जाये. ज्या डब्याले पोचा पडला तो जहाजावर चढे नाही, तो कामगारायले स्वस्तात भेटे. बापाचे हाल ऐकून पोरगा पिशवीभर डबे घेऊन आला.

मी त कपाळावर हातच मारला. "अरे बाबा, ही मासोळी कवा मेली, कोन्या मुलखात मेली, काही पत्ता हाय का? आन तू बापाले खाऊ घालतो?"

जानराव हसला. "आत्या, आत हवाच जात नाही, म्हनून वर्स वर्स टिकते. मुंबईले लोक आवडीनं खातात. बस, एक ध्यानात ठेव. डबा फुगलेला दिसला त फेकून द्याचा. त्याच्यात इख तयार होते."

ते एवढं एक वाक्य आमी गाठीले बांधलं. दादा गोठ्यात डबा घेऊन बसला का मी रस्त्यावरूनच ओरडो, "दादा, पाहू दे, फुगला त नाही?" तो डबा वर धरून फिरवून दाखवे, सोनार दागिना दाखवते तसा. एक-दोन डबे खरंच फुगलेले निंघाले. ते आमी उकिरड्यात खड्डा करून पुरले, कुत्र्यानंबी खाऊ नाही म्हनून.

आन बाप्पा, दादाले ते मानवलं! मी खोटं काऊन बोलू? त्या मासोळीचे काटे इतके नरम का भाकरीसंगं चावून जात. दिवाळीपर्यंत दादा काठी टाकून वावरात जाऊ लागला. डॉक्टरनं पाठ थोपटली, म्हने, "असंच खात राहा." वहिनी मासोळीचं नावबी तोंडातून काढे नाही, पन त्या दिवशी मले हळूच म्हनली, "झुंबरबाई, देवाचा पयला अवतार मासोळीचाच होता ना वं?" मी म्हनलं, "हाव माय, आन तो तुह्या नवऱ्यासाठी डब्यात बसून आला." ती इतकी हासली, इतकी हासली का डोळ्याले पदर लावला. 

तब्येत सुधरली, तवाच डबे बंद व्हाले पायजे होते. पन जिभेले चटक लागली होती, आन पोरगाबी मोठ्या हौसेनं धाडे. गावातलं कोनी ना कोनी मुंबईले जाये-येये, त्याच्या हाती पिशवी येये. दुसऱ्या वर्सी दादाचं तोंड भरून आलं. पार गोल झालं. लोक म्हनत, "पंजाबराव, मुंबईची मासोळी अंगी लागली बुवा!" दादा मिशीवरून हात फिरवे. चपला तंग झाल्या, त त्यानं मोच्याकडून नव्या करून घेतल्या. आमी सारे खूश. फुगलेला डबा आमाले चटकन दिसे, पन फुगलेला मानूस कोनाले दिसला नाही.

मंग पायावर बोट दाबलं का खड्डा राहू लागला. दोन पायऱ्या चढला का दम लागे. नांदुऱ्याले नेलं. डॉक्टरनं हाताले पट्टा बांधून पाह्यलं, छातीले नळी लावली, आन त्याचं तोंड उतरलं. "यांचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. हृदयावर ताण आलाय. आजपासून मीठ बंद. अगदी चिमूटभरसुद्धा नाही. मीठ गेलं पोटात, तर माझं औषध काही करणार नाही."

दादा म्हने, "साहेब, मासोळी खाऊ ना? तुमीच सांगतली होती."

"मासे? खा की. मासे चांगलेच."

त्या बिचाऱ्याच्या डोळ्यापुढं नदीची ताजी मासोळी असन. कशातली, कुठली, त्यानं पुसलं नाही, दादानं सांगतलं नाही. वहिनी बाजूले उभी होती, पन ती त्या नावाचा उच्चार कराची नाही. मी होती, पन मले वाटलं डॉक्टरले समदं माहीत असते.

त्या दिवसापासून वहिनीनं जे पथ्य केलं ना, तसं कोन्या बाईनं केलं नसन. वरन अळणी, भाजी अळणी, भाकर अळणी. ताकात मीठ नाही, लोनचं नाही, पापड नाही. दादा पयल्या घासाले तोंड वाकडं करे. "अवं, थोडंसं टाक ना, बैलबी मीठ चाटते." वहिनी डोळ्यात पानी आनून म्हने, "मले तुमी पायजे, तुमची चव नको." मंग तो गपचूप चार घास गिळे, चपला घाले आन गोठ्यामांगं जाये. आंधी आठवड्यातून दोनदा डबा फोडे, आता रोज फोडू लागला.

एक दिवस मी गोठ्याजवळून जाऊन राह्यली होती. दादा डब्यातल्या रशात भाकर चुरून बोटं चाटत होता. मले पाहून डोळा मारला. "झुंबरे, या घरात आता एवढंच एक चवीचं राह्यलं बघ."

मले वाटलं वहिनीच्या हाताले नाव ठेवते, त्याची जुनी खोडच होती ती. मीबी हासली. म्हनलं, "सांगू का तिले?"

"नको वं," तो म्हने, "तिचा जीव हाय माह्यात."

हे खारं लागते, हे त्याले समजत नसन का? समजत असन. त्याच्या जिभेले काही रोग नव्हता. पन मानसाचं मन लबाड असते. डॉक्टरनं घरातलं मीठ बंद केलं, मासोळी बंद केली नाही. समुद्रातली मासोळी खारीच असनार, आन ती त औषध, असं त्यानं मनाले समजावलं असन. भुकेल्या मानसाले कायदा सोयीचाच दिसते.

सूज वाढतच गेली. डोळ्याखाली थैल्या आल्या. रात्री आडवं होता येईना, भिंतीले टेकून बसे. पुन्हा नांदुऱ्याले नेलं, तवा डॉक्टर वहिनीवरच चिडला. "बाई, तुम्ही मीठ घालता. नवरा रडतो म्हणून चोरून घालता. सगळ्या बायका हेच करतात."

वहिनी पांढरीफक झाली. माळेले हात लावून म्हने, "साहेब, या तुळशीची आन. माह्या हातून एक खडा गेला असन त हे हात झडून पडतीन." डॉक्टरनं मान हालवली, पन त्याले पटलं नाही, हे आमाले दिसलं. एस्टीत ती सारा रस्ता रडत आली. घरी आली तशी मिठाची बरनी उचलली आन पार नाल्यात नेऊन ओतली. त्या दिवसापासून तीबी अळणीच खाऊ लागली. म्हने, "मी खारं खाईन आन यायले अळणी वाढीन, हे पाप माह्यानं होनार नाही." रोग रेड्याले आन औषध पखालीले, दुसरं काय!

कपाशीची बोंडं फुटली होती. दादा सकाळच्या उन्हात ओट्यावर बसला होता, वहिनी त्याले जवारीच्या शिजवलेल्या अळणी कण्या भरवत होती. एकाएकी त्याचा श्वास वर गेला तो खाली आलाच नाही. तिच्या हातातला घास हातातच राह्यला.

मंग काय, गावाले तोंडं फुटली. "डब्यातलं इख भिनलं." "पोचे पडलेलं खाल्लं त असंच होनार." कोनी त हेबी म्हनलं का माळकऱ्याच्या घरात मासोळी गेली म्हनून देव कोपला. हे वहिनीच्याबी कानावर गेलं.

जानराव दुसऱ्या दिवशी आला, त हातात बापासाठी आनलेली नवी पिशवी. तार पोचाच्या आंधीच तो गाडीत बसला होता. बाप आजारी हाय, पाय सुजले, एवढंच त्याले कळलेलं. मीठ बंद हाय, हे त्याले कोनी कळवलंच नव्हतं. तेरवी होईपर्यंत ती पिशवी गोठ्यात तशीच पडून होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तो गोठ्यामांगं गेला आन बापाच्या दगडावर बसला. मी त्याच्यासाठी भाकर घेऊन गेली. थोड्या वेळानं वहिनीबी आली. जलमात कवा तिनं त्या चुलीजवळ पाय टाकला नव्हता. म्हने, "त्यायची ताटली तशीच पडली असन, घासून ठेवते."

जानरावनं एक डबा फोडला. "आज बाबाच्या जागी बसून खातो, आत्या," म्हने. आन त्यानं तो डबा तिरपा करून थोडा रसा मातीत सांडला. मंग लोटा पुढं वढला, मासोळ्या धुवाले.

"अरे, सांडतो काऊन?" मी म्हनलं. "तुहा बाप त्याच्यात भाकर चुरून खाये."

त्याचा हात जागच्या जागी थांबला. "रसा? आत्या, ते मिठाचं पानी हाय. त्याच्यावरच त डबा टिकते. आमी तिकडं दोन पान्यानं धुतल्याबिगर तोंडात घालत नाही. बाबा धूत नव्हते?"

मी मानेनंच नाही म्हनलं. 

वहिनीनं पुसलं, "कितीक मीठ असते रे त्यात?"

"लय असते, माय."

तिनं दोन्ही हात मांगं नेले, माळ डोक्यावरून काढली आन बैलाच्या घुंगरायच्या खुंटीले अडकवली. मी म्हनलं, "मनकर्णे, काय करून राह्यली?" तिनं ऐकलंच नाही. डब्यात राह्यलेल्या रशात बोट बुडवलं आन जिभेवर ठेवलं. किती दिवसाची अळणी जीभ तिची. सारं तोंड आवळलं, डोळे मिटले. मले वाटलं थुंकन. ती थुंकली नाही, गिळलं.

"झुंबरबाई," ती म्हने, "ही माळ एक घडी उतरवली असती, त माही काळी पोत तुटली नसती."

जानराव ढसाढसा रडाले लागला. "माय, मीच सांगतलं नाही. मले वाटलं हे कोनालेबी समजते. फुगलेला डबा टाका एवढं सांगतलं, धुवून खा हे नाही सांगतलं."   एक बोट लावाचं काम होतं. मी लावू शकली असती, वहिनी लावू शकली असती. आमी दोघी नाक मुरडून दूर उभ्या राह्यलो.

वहिनीनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला. मंग खाली बसली, राख घेतली आन ती जर्मनची ताटली घासली, पुन्हा पुन्हा घासली. पदरानं कोरडी केली. उठली आन चूळ न भरताच उंबरा ओलांडून आत गेली. मी मांगं मांगं गेली त चुलीजवळच्या फळीवर, आपल्या पितळी ताटाच्या बाजूले, ती दादाची ताटली ठेवून राह्यली होती.