चुन्याखालचे हात

अनिशचे लग्न ठरले ते साल सत्त्याण्णव. साखरपुडा गणपतीच्या आधी झाला आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचे ठरले. मधल्या दिवसांत अनिशच्या वडिलांच्या, संपतरावांच्या, मागे एकच काम होते. मागची खोली नव्या जोडप्यासाठी नीट करायची.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, त्यांचे घर. पुढे एक खोली, मागे एक, मध्ये स्वयंपाकाची जागा. संपतराव एका कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने जुन्या माणसांच्या हातावर रक्कम ठेवून त्यांना घरी बसवले, त्यात हेही बसले. ती रक्कम त्याच साली थोरल्या मृदुलाच्या लग्नात गेली. आता घर अनिशच्या पगारावर चालत होते, म्हणून जे करायचे ते हात आखडून.

नवी सून भक्ती चांगल्या खात्यापित्या घरची. तिची आई घर बघायला आली तेव्हा मागच्या खोलीत शिरताना तिने पदर नाकाला लावला. पावसाळ्याची ओल होती, वास होताच. पण अनिशच्या आईच्या, नलिनीबाईंच्या, मनात तो पदर रुतून बसला.

"रंगारी बोलवायचा नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जन्मभर पान्याने नट पिळलेत, आता कुंचा धरा."

"कुंचा काय, तू म्हणशील तर झाडूही धरीन."

"तो तर धराच. कोळ्याची जाळी काय विहीणबाई काढणार आहेत?"

संपतरावांनी पिंपात चुना भिजवला, त्यात सरस घातला, चिमूटभर नीळ घातली. लोखंडी कपाटाचा गंज घासून काढला. शेजारच्या निरुपमाबेनकडे खिडक्यांचा हिरवा रंग उरला होता, तो मागून आणून कपाटाला दिला. नलिनीबाईंनी दोन जुन्या साड्या फाडून पडदे शिवले, काठ खाली येईल असे. चादरीचा फाटका भाग उशांच्या अभ्र्यांत लपवला. खाटेची जागा बदलली, म्हणजे फरशीचा फुटका तुकडा तिच्याखाली गेला. पैसे फारसे न लागता खोली उजळू लागली. अनिश कामावरून आला की दारातून बघायचा आणि म्हणायचा, "बाबा, हॉटेल काढा." संपतरावांना ते आवडायचे.

राहिली फक्त दाराजवळची भिंत. तिच्यावर मृदुलाचे दोन हात होते.

मराठ्यांत ही रीत नाही. गुजराती घरांत मुलगी सासरी निघताना कुंकवात हात बुडवून माहेरच्या भिंतीवर उठवते, त्याला थापा म्हणतात. मृदुला निघाली तेव्हा लेक अशीच कशी जाईल म्हणून निरुपमाबेन आडव्या आल्या होत्या. "अरे, दीकरी एमनेम जाय? थापा तो मारवा पडे." संपतरावांच्या आत्याने तोंड वाकडे केले, "हे आपल्यात नसतं." पण मृदुला लहानपणापासून निरुपमाबेनच्या घरात गरबा शिकलेली, तिला हौस. गडबडीत कुंकू कालवायला वेळ नव्हता. हळदीच्या समारंभातली उरलेली वाटी कोपऱ्यात होती, तीत तिने हात बुडवले. निरुपमाबेन म्हणाल्या, "हळदरना थापा? ए तो पहेली वार जोया." सगळे हसले. मृदुला रडता रडता हसली. पादऱ्याला, एसटीने तासाभरावर, खताबियाण्यांच्या दुकानदाराच्या घरी गेली.

त्यानंतर ती तीनदा आली असेल. दर वेळी आधीपेक्षा वाळलेली. काही विचारले की "बरं आहे" म्हणायची.

नवरात्र चालू असताना निरुपमाबेनच्या घरच्या फोनवर तिचा फोन आला. संपतराव चुन्याचे हात पुसत धावले. निरुपमाबेनने टीव्हीचा आवाज कमी केला आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या.

"बाबा, मी बोलते."

"बोल. आवाज का असा झालाय?"

"ताप आहे. येतो, उतरतो, परत येतो. एकदा डॉक्टरकडे नेलं, गोळ्या दिल्या. आता म्हणतात, काम टाळायला ही पडून राहते." ती थांबली. "बाबा, मला न्यायला या."

"येतो की. दिवाळीला तर आणायचंच आहे तुला."

"दिवाळीला नाही. आत्ता. आणि मग परत पाठवू नका."

संपतरावांनी चुन्याचे हात पुन्हा पुसले. जे सुचले ते बोलले. "खोलीचं काम काढलंय ग. अनिशच्या लग्नासाठी. सगळा पसारा बाहेर आहे, भिंती ओल्या. तापात तुला ओलीत कुठे निजवू? भिंत वाळली की येतो."



"माझे थापे आहेत का अजून?"

"आहेत ना."

"ते पुसा बाबा. इथे सासूबाई म्हणतात, थापे मारून निघालेली पोर माहेरी पाहुणी म्हणूनच जायची, राहायला नाही. पुसले म्हणजे मला येता येईल." ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. फोन ठेवला गेला.

निरुपमाबेनने शेंगांवरून डोळे वर केले. "भाई, दीकरीने लई आवो," लेकीला घेऊन या, एवढेच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नलिनीबाईंना सांगितले. त्या पडद्याला टीप घालत होत्या. मशीन थांबले.

"ताप कुणाला येत नाही?"

"परत पाठवू नका म्हणाली."

"तेच तर. लग्नघरात नवऱ्याला सोडून आलेली लेक बसवलीत तर भक्तीचे आईबाप काय म्हणतील? आधीच नाकाला पदर लावून गेलीय ती बाई. अनिशचं मोडलं तर?"

"आणि हिला काही झालं तर?"

"काय व्हायचंय? चांगलं घर आहे. महिना काढ म्हणावं. लग्न लागलं की मी स्वतः जाऊन आणते." नलिनीबाईंचा आवाज शेवटी फाटला. त्यांनी मशीनचे चाक पुन्हा फिरवले, पण पडद्यावरची टीप वाकडी गेली आणि ती त्यांनी उसवली नाही.

संपतराव मागच्या खोलीत गेले. थापे आता फिके पिवळे झाले होते, उन्हात राहिलेल्या कागदासारखे. त्यांनी कुंचा बुडवला आणि डाव्या थाप्यावरून फिरवला.

चुना लागला आणि हात लाल झाला.

त्यांनी उजव्यावर फिरवला. तोही लाल. पाचही बोटे स्पष्ट, जणू आत्ताच कुणी ओल्या हाताने मारलेली. नलिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला. मग सावरून म्हणाल्या, "हळदीला चुना लागला की लाल होणारच. पाय मुरगळल्यावर लावत नाही का आपण?"

"माहीत आहे मला."

"मग असे काय बघताय?"

वाळल्यावर लाली उतरली आणि पांढऱ्यात पिवळट डाग राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अजून एक हात मारला. पुन्हा लाल, पुन्हा पिवळट. पत्र्याने खरवडून पाहिले तर गिलाव्याचा पोपडा निघाला, मग तो भरत बसले. दसरा गेला, कोजागिरी गेली. संपतराव रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभे राहायचे, कुंचा मारायचे आणि वाळण्याची वाट बघायचे. मृदुलाला सांगितले होते, भिंत झाली की येतो. भिंत होत नव्हती.

यावर उपाय त्यांना ठाऊक होता. कारखान्याच्या कँटीनच्या तेलकट भिंती त्यांनीच उभे राहून रंगवून घेतल्या होत्या. अस्तराचा एक हात आणि वर डिस्टेंपर दिले की खालचे काही वर येत नाही, एका सकाळचे काम. बोळाच्या तोंडाशी रंगाचे दुकान होते. भाजी आणायला जाताना डब्यांची उतरंड दिसायची. ते मान खाली घालून पुढे जायचे. महाग आहे, असे मनाला सांगायचे. महाग होतेच. पण कपाटाच्या रंगासारखे तेही कुणाकडून तरी मागून आणता आले असते. खरे असे होते की भिंत ओली होती तोवर त्यांना बायकोसमोर उभे राहून बोलावे लागत नव्हते, पादऱ्याच्या व्याह्यांशी भांडावे लागत नव्हते, अनिशचे लग्न मोडायची भीती घ्यावी लागत नव्हती. भिंतच सगळे अडवून उभी होती. आणि आयुष्यात एकदाही आवाज न चढवलेल्या माणसाला तो आडोसा बरा वाटत होता.

मृदुलाचा पुन्हा फोन आला नाही. संपतराव मनात म्हणायचे, ताप उतरला असेल. निरुपमाबेन जिन्यात भेटल्या की त्यांच्याकडे बघायच्या आणि वर जायच्या.

मग एका गुरुवारी अनिश कामावरून आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "बाबा, हे काय चाललंय?" त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. संपतरावांनी सांगितले. तो खाली बसला.

"माझ्या लग्नापायी तिला तिथे ठेवलंय?"

नलिनीबाई पडद्याची घडी घालू लागल्या.

"भक्तीला मी सांगतो. नाही म्हणाली तर नाही म्हणाली. तुम्ही उद्या पहिल्या गाडीने जा."

तो तसाच खाली गेला आणि अस्तर नि डिस्टेंपर घेऊन आला. बापलेकांनी मिळून भिंत केली. लाल आले नाही, पिवळे आले नाही. नलिनीबाईंनी खाटेवर धुतलेली चादर घातली. साडीचा पडदा लावला. उशाशी तांब्या-भांडे ठेवले. बराच वेळ त्या खाटेच्या कडेला बसून होत्या. "रिक्षानेच आणा तिला," त्या म्हणाल्या. "एसटीत हिसके बसतील. आणि तिला म्हणावं, आई रागावलेली नाही."

खोली खरेच छान दिसत होती. रात्री उशिरापर्यंत भिंतही वाळली, कुठेही ओल नाही, तो जुना वास नाही. दाराजवळ गुळगुळीत, दुधासारखी भिंत.

सकाळी संपतराव पादऱ्याला उतरले. स्टँडवर त्यांनी मोसंबी घेतली. व्याह्यांच्या गल्लीत वळले तर दुकानाची फळी लावलेली होती आणि ओट्यावर माणसे उभी होती, चपला काढून. त्यांच्यातला एक पुढे आला आणि त्याने संपतरावांच्या हातातली पिशवी घेतली.

मृदुला, संपतरावांची थोरली मुलगी, पादऱ्याला सासरी तापाने वारली. शुक्रवार, चोवीस ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याण्णव, पहाटे. ती चोवीस वर्षांची होती.