जिभेला बांधलेला कागद

मी चियोबाईंच्या ओसरीवरची घंटी बोलतेय. मोरिओका शहरातल्या भट्टीत ओतलेली, लोखंडी, मुठीएवढी. माझ्या जिभेला, म्हणजे आतल्या लोलकाला, खाली कागदाची पट्टी बांधलेली असते. वाऱ्याने ती हलली की मी वाजते. त्या आवाजाने उन्हाळ्यात माणसांना गार वाटावं, एवढंच माझं काम.

उन्हाळा सरला की मला उतरवतात. तेव्हा चियोबाई नवी पट्टी बांधतात आणि तिच्यावर शरदासाठी लहानसा संकल्प लिहितात. 'लोणच्यात मीठ कमी.' 'बहिणीला पत्र.' पुढच्या उन्हाळ्यात तो वाचून स्वतःलाच हसतात, कारण पत्र गेलेलं नसतंच.

यंदा मात्र सप्टेंबर संपत आला तरी मी टांगलेलीच. कारण त्यांचे यजमान, तोकुजी. त्यांच्या आता काही लक्षात राहत नाही. मी वाजले की त्यांना उन्हाळाच वाटतो, आणि उन्हाळ्यात, पितरांच्या सणाला, लेक मिनाए येते. ती तर ऑगस्टमध्येच येऊन गेली. तरी ते खुशीत वाट बघायचे. मला वाजायची लाज वाटायची.

एक दिवस शेजारच्या इवासाकीबाई कुंपणापाशी थांबल्या.

"चियोताई, उन्हाळा तुमच्याकडेच मुक्कामाला राहिला वाटतं! काय गोड आवाज, आमच्या झोपायच्या खोलीपर्यंत येतो हो."

चियोबाईंना टोमणा कळला. "आजच उतरवते," त्या ओशाळून म्हणाल्या.

पट्टीवर त्यांनी लिहिलं, 'ते कितीदाही विचारोत, पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देईन.' मग माझ्या जिभेला दोरा गुंडाळला आणि मला खोक्यात ठेवलं.

"आवाज का थांबला गं? मिनाए आली का?" तोकुजींनी विचारलं.

"येऊन गेली हो. तुमच्यासाठी पीच आणले होते."

"मला न भेटता गेली?" तोकुजी रडवेले झाले.

तीनदा चियोबाईंनी समजावलं. चौथ्यांदा मात्र ओरडल्या, "किती वेळा सांगू? आली, जेवली, गेली!"

"मला कुणी सांगितलंच नाही," तोकुजी हळूच म्हणाले.

चियोबाईंनी खोकं उघडलं. मला वाटलं, पट्टी फाडणार. त्यांनी डोळे पुसले आणि संकल्पाखाली एक शब्द लिहिला, 'उद्यापासून.'

आता मी कपाटात आहे. बाहेर तोकुजी पुन्हा विचारताहेत, "मिनाए आली का?" चियोबाई भांडी घासतच आहेत. माझा जीव कासावीस होतोय. बाई, उद्याचं उद्या बघू, आत्ता एकदा हळू सांगा त्यांना. माझी जीभ बांधलेली आहे, नाहीतर तुमच्याऐवजी मीच उत्तर दिलं असतं.