पाठीवरची ओळ

"आत ये, पण तोंड उघडायचं नाही."

बंद दाराआडून आलेला दादाचा तो आवाज तिला अजून ऐकू येतो. ती तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती आणि दादाला नुकतं मिसरूड फुटलेलं. बाहेरच्या खोलीत आईबाबांचे शब्द भांड्यांसारखे आदळत असायचे, कधी भांडीही आदळायची. दादा आपल्या खोलीत साळुंकीची गाणी लावून बसायचा. साळुंकी म्हणजे त्याची आवडती गायिका. चाहत्यांनी लाडानं तिचं हे नाव पाडलं होतं. त्या घरात दादा कुणाशी बोलत नसे, पण गाणं संपलं की त्याला वाचा फुटायची. नळाला पाणी यावं तशी, आधी नुसती खरखर, मग धार. ती धार अंगावर घेत धाकटी बसून राहायची. सदा मागे मागे असायची, म्हणून दादा तिला शेपूट म्हणायचा.

आईबाबा गेले, भावाबहिणीची घरं दोन झाली. दोघांमध्ये दोरा उरला तो एकच, साळुंकीचा. शेपटीचं लग्न मोडलं तेव्हाही दादाचा फोन आला होता. त्यानं विचारलं, "नवं गाणं ऐकलंस का?" त्यावर तासभर बोलला आणि ठेवला. तिनं तेवढ्यावरच तो महिना काढला. हा दोरा तुटला तर दादा तिच्याशी कशावर बोलेल, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

आता शेपटीचा कपड्यांवरच्या छपाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली. लांब टेबल, जाळीच्या चौकटी, शाईचे डबे, शाई ओढायची रबरी पट्टी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओल्या शर्टांच्या दोऱ्या. त्या दुपारी चाहत्यांच्या गटाचे शर्ट निघत होते. पुढची बाजू कोरी, पाठीवर एकच ओळ: "आमची साळुंकी परत द्या."

बेत दादाचा होता. गटाचा अध्यक्ष तोच. साळुंकीचा 'निम्मा आवाज' हा नवा अल्बम आल्यापासून त्याच्या अंगाची लाहीलाही होत होती. कार्यक्रमात नवी गाणी सुरू झाली की सगळ्यांनी एकदम पाठ फिरवायची, म्हणजे बाईला मंचावरूनच वाचता येईल.

"ना ढोल, ना सतार," तो सुकलेल्या शर्टांच्या घड्या घालत म्हणाला. "ओळ अर्ध्यात सोडून देते. एका गाण्यात तर नुसती खुर्ची करकरते."

"आणि खोकते," कंपाउंडर म्हणाला. हा गटाचा विदूषक, दवाखान्यातली पाळी संपवून आलेला. "खोकला ऐकायला अल्बम कशाला हवा, अध्यक्ष? आमच्याकडे या. सकाळी रांग असते, पाहिजे त्या सुरातला ऐकवतो."

दादा खो खो हसला. शेपूट पट्टी ओढत राहिली.

तिनं तो अल्बम ऐकला होता. "नाही रे, वेळच झाला नाही," असं दादाला सांगून, याच खोलीत एकटीनं. त्यातल्या दोन ओळी तिच्या जिभेवरून उतरत नव्हत्या:

*बोलू नको माझ्यासाठी, बसू दे गं उंबऱ्याशी*
*अर्धं गाणं ओठांपाशी, अर्धं अडलं घशाशी*

कुणी न सांगता तिनं लावलेलं साळुंकीचं ते पहिलंच गाणं.

दार ढकलून मास्तरीण आत आली. शाळेतली मुलं घाबरत असतील अशीच चाल. नव्या अल्बमची बाजू घेतली म्हणून दादानं तिला गटातून काढलं होतं.

"काढलंत ते काढलंत," ती म्हणाली. "वर 'कानातला मळ काढून या' असं लिहिलंत. म्हटलं, तोंडावर म्हणून दाखवा."

"कानातला मळ काढून या," दादा म्हणाला.

"थेंब देऊ का, बाई?" कंपाउंडरनं विचारलं.

"तुमचे तुम्हीच डोळ्यांत घाला, कंपाउंडर. निदान दिसेल तरी, कुणाच्या मागे चाललाय ते." ती दादाकडे वळली. "माणूस दमलं की आवाज असाच होतो. तिनं दमणं लपवलं नाही. एवढाच ना गुन्हा?"

"दमली असेल तर घरी बसावं. आम्ही तिच्या गाण्यांवर वाढलो."

"म्हणून तिनं म्हातारं व्हायचं नाही?"

"बाई, तुम्हालाही ते आवडलेलं नाही. चार शहाणे वाहवा करतात म्हणून तुम्ही मान हलवता. नंदीबैल!"

"आणि तुम्ही काय करणार? पाठ फिरवणार! पाठ फिरवली की कान बंद होतात होय?"

कंपाउंडरला हसू फुटलं. दादानं नुसतं पाहिलं, तसं ते त्यानं कडू गोळीसारखं गिळलं.

मास्तरणीनं दोरीवरचा एक ओला शर्ट ओढला. "लाज नाही वाटत हे छापायला?"

दादानं तो हिसकावला. ओढाताणीत ओळ फरफटली, दोघांचे हात काळे झाले.

"चालत्या व्हा! साळुंकी काय चीज होती ते तुम्हाला काय कळणार? तुम्ही काल आलेल्या. ही बघा, ही माझी शेपूट. दुधाचे दात पडत होते तेव्हापासून ऐकतेय. सांग गं हिला! आपली खरी गाणी कुठली, सांग!"

शेपटीची पट्टी थांबली. हात थांबला की शाई सुकते, जाळी बुजते आणि चौकट वाया जाते. तिला ते ठाऊक होतं. तिनं पट्टी खाली ठेवली.

"मला नवी आवडतात, दादा."

दादा थुंकल्यासारखा बोलला, "हिनं भरवलं काय तुला? घरी जा, जुनी लाव. उतरेल डोक्यातून."

"जुनी नको."

"म्हणजे?"

"म्हणजे नको." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो आवरला नाही. "जुनी मला कधीच आवडली नाहीत. एकसुद्धा नाही. गाणं कधी संपतंय याची वाट बघत बसायचे मी. संपलं की तू माझ्याशी बोलायचास."