रणगाड्याला लावलेलं कुंकू

आमचे शेजारी फ्रँको यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या एका रणगाडा बटालियनमध्ये ड्रायव्हर होते. लिबियाच्या वाळवंटात ती बटालियन जवळजवळ संपली. पण इटालियन रणगाडा म्हटलं की इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्येही लोकांना एकच विनोद सुचतो: पुढे जायला एक गिअर, मागे पळायला चार. मला त्या विनोदाची भयंकर चीड येते. फ्रँको मात्र कसनुसं हसून विषय बदलायचे.

शेवटी मीच पदर खोचला. जन्मभर लोकांची हाडं जुळवली, एक व्याख्यान जुळवणं काय अवघड! फ्रँकोंनी वडिलांच्या बटालियनबद्दल बोलावं म्हणून लायब्ररीचा हॉल ठरवला. फ्रँकोंनी दोनदा कॅन्सल केलं, मी पुन्हा ठरवलं. लोकांना दाखवायला वडिलांच्या रणगाड्याचं मॉडेल होतं, फ्रँकोंनी स्वतःच्या हातांनी केलेलं. त्यांच्याकडे नवं मांजर आल्यामुळे ते आमच्या घरी ठेवलं होतं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. नेहमीप्रमाणे मी पाटावर माझा स्टेथोस्कोप, नवऱ्याचा, शशिकांतचा, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडली. घरात चक्क रणगाडा असताना त्याला वगळून शस्त्रपूजा कशी करायची? त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी पुसायला गेले, तर ओलं कुंकू रंगात पार मुरलेलं.

"अगं नीलांबरी, मॉडेल स्पॉइल केलंस त्यांचं!" शशिकांत म्हणाला. "आता परत कॅन्सल करतात की नाही बघ."

फ्रँको निमित्त शोधतच होते आणि मी ते ताटात वाढून दिलं होतं. पण लपवाछपवी मला जमत नाही. मॉडेल उचललं आणि थेट त्यांची बेल वाजवली.

"हे काय?" डाग पाहून त्यांनी विचारलं.

"पूजा केली. ज्या अवजारांनी, हत्यारांनी साथ दिली, त्यांना आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो. तुमच्या वडिलांना यानेच साथ दिली ना? डाग पडला, सॉरी. मी रंगवून देते."

त्यांनी मॉडेल माझ्या हातातून घेतलं आणि डागावरून हलकेच अंगठा फिरवला.

"रंगाला हात लावू नका," ते म्हणाले. "उद्या किती वाजता पोचायचं?"

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. फ्रँको बटालियनबद्दल बोलायला लागले आणि पहिल्याच रांगेतून एकाने विचारलं, "मागे पळायचे गिअर चार होते ना?" हशा पिकला. मी तावातावाने उठणार, तोच फ्रँकोंनी मला हातानेच बसवलं.

"एकच होता," ते म्हणाले. "आम्ही चुकीच्या बाजूने लढलो, हे बाबाही म्हणायचे. पण शेवटच्या सकाळी बटालियनचे उरलेले सगळे रणगाडे पुढेच गेले. बाबा जळत्या रणगाड्यातून बाहेर पडले, त्यांचे दोन सोबती आतच राहिले. आता हसा."

मागे बसलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "तो लाल ठिपका बटालियनची खूण आहे का?"

"नाही," फ्रँको म्हणाले. "या रणगाड्याला आजवर कुणी केलेला पहिला नमस्कार आहे तो."