सात नंबरचं कालव

प्राणिशास्त्राच्या परीक्षेत सात नंबरच्या टेबलावर कायम कालवंच असायची. मुठीएवढा काळा दगड आणि त्याला चिकटलेली नखाएवढी, करवती कडांच्या शिंपल्यांची बारकी कालवं. समोरचा नमुना ओळखून नाव लिहायचं, एवढंच काम. पण नागपूरच्या पोरांनी समुद्र पाहिलेला असतो कुठे? दरवर्षी अर्धी पोरं बेधडक 'दगड' लिहून मोकळी व्हायची. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केलेला धम्मानंद मग जाता जाता मागून दोनदा खोकायचा. हुशार पोरगं तेवढ्यावर खाडाखोड करायचं. बाकीच्यांचा दगडच राहायचा.

तो दगड त्यानंच आणलेला. कॉलेजच्या रत्नागिरीकडच्या सहलीत एका वर्षी विभागाच्या सरांनी त्याच्या बायकोलाही, सरितालाही, येऊ दिलं होतं. ओहोटीला खडकांवर अनवाणी हुंदडताना तिची टाच चांगलीच कापली. रडायचं सोडून बाई हसत सुटली. "ज्यानं मले कापलं, त्याले घेऊनच चला आता," म्हणाली. धम्मानंदनं हातोडीनं तुकडा काढला. कालव एकदा चिकटलं की तिथंच जन्म काढतं, सर सांगत होते. ओहोटीला तोंड मिटून बसतं, भरती आली की उघडतं. पुढं नागपुरात, महाल वस्तीतल्या दोन खोल्यांत धम्मानंद रुसून गप्प बसला, की सरिता म्हणायची, "ओहोटी लागली वाटते तुम्हाले."

सरिता जाऊन चार वर्षं झाली. आता कोणी तसं म्हणत नव्हतं, आणि धम्मानंदला दिवसदिवस तोंड उघडायचं कारण पडत नव्हतं.

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आज कॉलेजातून बोलावणं आलं. संग्रहालय रिकामं करायचं होतं. लेबलं गळून पडलेली, कोणत्या बरणीत काय आहे ते सांगायला माणूस हवा होता. सायकल हाणताना त्याला एकच धास्ती. दगड आधीच फेकला असेल तर? सरिताच्या त्या हसण्याची खूण दुसरी कुठलीच नव्हती.

दगड सापडला, पण फुटक्या काचांच्या पोत्यात. धम्मानंदनं हात घालून काढला.

"मॅडम, हा मी नेऊ का?"

"न्या ना काका," विभागप्रमुख श्वेता मॅडम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या. "आता सगळं स्क्रीनवरच दाखवतो आम्ही."

घरी येऊन त्यानं दगड धुतला, पुसला, टेबलावर ठेवला. जीव हरखून गेला होता. कधी एकदा कोणाला सांगतो असं झालं होतं. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, वैभवीचा, व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. सहल, टाच, हसणं.

"बाबा, जेवले का? मी दोन मिनिटंच बोलते हं, मीटिंग हाय." तिची नजर दुसऱ्याच स्क्रीनवर होती. "ते टेबलावर काय ठेवलं?"

दोन मिनिटांत कुठून सुरुवात करायची, ते त्याला सुचेना.

"काही नाही. दगड हाय," तो म्हणाला.

आणि आपसूक दोनदा खोकला.

"खोकला काहून येऊन राहिला तुम्हाले? औषध घ्या बरं."

"घेतो," धम्मानंद म्हणाला.