कारण सविस्तर

टाचणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं सगळं कामकाज जेवणाच्या टेबलावर चालायचं. जन्मभर कारकुनी केली, निवृत्त झाला, बायकोचे सांधे थंडीत धरतात म्हणून या उबदार परमुलखात येऊन राहिला आणि इथेही पुन्हा कारकूनच झाला. आपल्याकडच्या ज्या ज्या निवृत्तांनी इथे घर केलं होतं, त्यांना दरवर्षी व्हिशाची मुदतवाढ घ्यावी लागे. फॉर्म इथल्या भाषेत, नियम दर वर्षी नवे, आणि व्हिशाच्या कचेरीत खिडकीवर बसणाऱ्या पोरीचा एकच शब्द सगळ्यांना कळायचा, तो म्हणजे 'नाही'. टाचणी भाजीवाल्यांशी भांडून भांडून ती भाषा शिकला होता. तो सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचा आणि बदल्यात एक पैसा घ्यायचा नाही. कॉलरच्या आत दोन टाचण्या कायम टोचलेल्या असत, म्हणून हे नाव.

एके सकाळी तीन जिने चढून एक जोडपं आलं. नवरा पुढे, ताठ, काखेत फाइल. बायको मागून, धापा टाकत, पण हसतमुख.

"येत्या अठरा तारखेला आमचं वर्ष संपतंय," नवरा म्हणाला. "मुदतवाढ हवीय. हिच्या छातीला तिकडची हवा सोसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, परत नेलंत तर हिवाळा निघायचा नाही."

टाचणीने फाइल उघडली. पहिल्याच कागदावर हिरव्या शाईतली सही होती आणि सहीखाली दोन टिंबं. त्याने हातातला कप खाली ठेवला आणि सही पुन्हा वाचली.

साहेब!

साहेबांनी मात्र त्याला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? छत्तीस वर्षांपूर्वी तिकडच्या त्या कचेरीत दीडशे कारकून होते आणि साहेबांनी माणसं कधी पाहिलीच नव्हती, कागद पाहिले होते. त्यातलाच एक कागद टाचणीने आजवर जपून ठेवला होता. तेव्हा तो नोकरीत कायमही झाला नव्हता. 'आई आजारी असल्याने गावी जाण्यासाठी चार दिवसांची रजा मिळावी,' एवढा तो अर्ज. मंगळवारी आत गेला आणि मंगळवारीच बाहेर आला. वर हिरव्या शाईत शेरा: 'कारण सविस्तर नमूद करून फेरसादर करावे.' त्याने तिथल्या तिथे पानभर कारण लिहिलं, तोवर साहेब दौऱ्यावर गेले होते. न विचारता गावी गेलेल्या एकाला त्यांनी आदल्याच महिन्यात घरी बसवलं होतं. रजा शुक्रवारी मंजूर झाली. शनिवारी टाचणी गावी पोचला, तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. "शेवटपर्यंत विचारत होती रे, आला का म्हणून," शेजारीण म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने डूख धरला होता. देवाकडे कधी काही मागितलं नाही, फक्त हा माणूस एकदा माझ्या टेबलासमोर येऊ दे म्हणाला होता. आणि आता तो आयता ताटात वाढून आला होता.

"फाइल ठेवून जा साहेब," तो गोड आवाजात म्हणाला. "परवा या. आणि बँकेचं पत्र उद्याच आणून ठेवा, म्हणजे ती एक कटकट मिटेल."

महिना सुरू होऊन आठच दिवस झाले होते. बँकेचं पत्र सात दिवसांहून जुनं चालत नाही, हे इथे टाचणीला जेवढं ठाऊक होतं तेवढं खिडकीवरच्या पोरीलाच ठाऊक असेल. नवव्या तारखेचं पत्र अठराव्या तारखेला म्हणजे रद्दी.

परवा साहेब आले. टाचणीने पेन्सिलीने चिठ्ठी लिहून फाइलला टोचली: 'छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करावे.' साहेब पुन्हा तीन जिने उतरले. मग पेन्शनच्या दाखल्याची झेरॉक्स चालत नाही, मूळ आणा. मग भाषांतरावर शिक्का पुसट आहे, पुन्हा मारून आणा. एकेका खेपेला साहेबांच्या कपाळावरचा घाम बघून टाचणीच्या पोटात थंडावा पडायचा. मजा अशी, की साहेब चिडत नव्हते, उलट खूश होत होते. "वा! कामाला शिस्त आहे तुमच्या," ते म्हणायचे. "असे कारकून माझ्या हाताखाली कधी मिळाले नाहीत." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तो असा. टाचणी दात ओठ खात हसायचा.

"साहेबाचं काय करायचं ते कर," त्याची बायको भाकरी वाढताना म्हणाली, "पण त्या बाईने तुझं काय घोडं मारलंय? साहेबाचा अर्ज बुडाला, की त्याच्या शेपटाला बांधलेला तिचाही बुडणार. हिवाळ्यात मरेल ती."

टाचणीने भाकरीचा तुकडा मोडला. तेवढा एक काटा त्यालाही सलत होता.

तो काटा बाईंनी स्वतःच काढला. साहेब फोटो काढायला गेले त्या दिवशी त्या मागे थांबल्या. आधी टेबलावरची चिठ्ठी वाचली, मग खिडकीतून नवरा रस्ता ओलांडून गेल्याची खात्री केली.

"भाऊ, माझा अर्ज वेगळा भरता येतो का हो?"

"वेगळा?"

"मी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलंय. माझी पेन्शन आहे, माझं खातं आहे. त्यांच्या नावाला जोडलेली म्हणून मला इथे राहायचं नाही. मला माझ्या नावावर राहायचंय." त्यांनी चिठ्ठीकडे बोट केलं. "चाळीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात वाणसामानाच्या यादीवर शेरे येतात. 'जिरे अनावश्यक. खुलासा करावा.' तुम्हाला वाटेल मी थट्टा करते."

टाचणीला तसं मुळीच वाटलं नाही. त्याच दुपारी त्याने बाईंचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला, घरमालकिणीकडून त्यांच्या नावाचं पत्र आणलं आणि सतराव्या तारखेला त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन ताजं पत्र घेतलं. त्याच खिडकीवर त्याने आणखी एक पत्र मागितलं, साहेबांचं. बँकेच्या अर्जासकट सगळ्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर साहेबांनी सह्या करून दिल्याच होत्या. ते पत्र त्याने घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

का ठेवलं? तो काही संत नव्हता. पण त्याला साहेबाच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता: चुकलं. तो शब्द आला तर पिशवीतला कागद बाहेर काढायचा. नाही आला, तर करावं तसं भरावं.

अठराव्या तारखेला दुपारी तिघं व्हिशाच्या कचेरीत गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, चार वाजता बंद होणारी खिडकी. नंबर लागायला पावणेचार झाले. पोरीने बाईंचे कागद मोजले, शिक्का उचलला आणि ठाप्‌कन मारला. एक वर्ष. मग साहेबांची फाइल घेतली, चौथ्या कागदावर बोट ठेवलं आणि तो सर्वांना कळणारा शब्द उच्चारला.

"काय म्हणतेय ती?" साहेबांनी विचारलं.

"बँकेचं पत्र नऊ दिवसांचं झालंय. सातच चालतात. बँक साडेतीनला बंद झाली. आज अर्ज पडला नाही तर उद्या देश सोडायचा आणि तिकडून नव्याने अर्ज करायचा. तीन-चार महिने लागतील."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "पण तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"का सांगितलं नाही, ते दाखवतो," टाचणी म्हणाला. हे वाक्य त्याने छत्तीस वर्षं या क्षणासाठीच जपलं होतं. खिशातून त्याने तो पिवळा पडलेला अर्ज काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "मीच तो. अर्ज परत आला आणि माझी आई गेली. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. वाचा."

दुसरा हात पिशवीत होता. बोटांना ताज्या पत्राची घडी लागत होती.

साहेबांनी चष्मा लावला. अर्ज वाचला, शेरा वाचला, कागद उजेडाकडे धरला. बाई त्यांच्या खांद्यामागून वाचत होत्या.

"अक्षर माझंच," साहेब म्हणाले. "शेरा बरोबर आहे. आजार कोणता, किती गंभीर, काहीच लिहिलेलं नाही यात. वाईट झालं तुमचं, पण मला तरी कसं कळणार?"

टाचणीने पिशवीतून रिकामा हात बाहेर काढला आणि चेन ओढून घेतली. आता त्याला रागही आला नाही. मोकळं मात्र वाटलं, अगदी मोकळं.

साहेब बायकोकडे वळले. "चल, सामान आवरायला घे. उद्याची दोन तिकिटं बघतो."

"दोन कशाला?" बाईंनी विचारलं. "मला वर्ष मिळालंय."

"अगं, मी एकटा तिकडे कसा राहणार? जेवणखाण कोण बघणार माझं?"

"आणि माझी छाती?"

"बघू काहीतरी. स्वेटर घाल. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

खिडकीजवळच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली होती. बाईंनी नवऱ्याच्या हातातला पिवळा कागद हळूच काढून घेतला, नीट घडी घातली आणि टाचणीला परत दिला. मग पर्समधून आपल्या फॉर्मची एक पाठकोरी प्रत काढून नवऱ्यापुढे धरली.

"मी तुमच्याबरोबर का यावं, ते यावर लिहून द्या," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, वर्गात बोलावा तसा होता. "पण सविस्तर. जेवणखाण एवढं पुरायचं नाही."

साहेबांनी सवयीने खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं. कागद खिडकीच्या फळीवर ठेवला. पेनाचं टोक कागदावर टेकलं, तिथे हिरव्या शाईचं एक टिंब उमटलं आणि ते हळूहळू पसरत गेलं. आतल्या पोरीने घड्याळाकडे पाहिलं आणि ती खिडकी बंद करायला उठली, तरी साहेबांची पहिली ओळ लिहून झाली नव्हती.