मिनिटाला बावीस थेंब

शेणव्यातल्या घरच्या मोरीतला नळ मिनिटाला बावीस थेंब गळत होता. सोनूबाईंनी घड्याळ लावून मोजले होते. नर्स म्हणून एकतीस वर्षं सलाइनचे थेंब मोजलेल्या बाईचा आकडा सहसा चुकत नाही. दिवाळीत चौदा होते.

शेवटी त्यांनीच वायसर आणून फळीवर ठेवला. तेवढ्यात नवऱ्याचा, सदानंदरावांचा, फोन वाजला. शहापुरात त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत रत्नदीप राहायचा, दुसरी गेल्याच आठवड्यात रिकामी झाली होती.

"जय भीम, रत्नदीप. काय, नळ गळतो? आलोच!" सदानंदरावांनी फळीवरचा वायसर उचलून खिशात टाकला.

"अवो, तो आपल्या नळाचा हाय!"

"रत्नदीप सोडून गेला तर दोन्ही खोल्या रिकाम्या गो! केवढ्याला पडंल?"

"आनि मी गेले तर?"

"तू कुठं जातेस?" ते निर्धास्तपणे म्हणाले.

जो सोडून जाऊ शकतो त्याचं आधी दुरुस्त करायचं, हे सदानंदरावांचं धोरण. त्यामुळे भाडेकरूंना नवे पत्रे, दरसाल रंग आणि गिझर. मालकीणबाईंना चूल आणि गळत्या छपराखाली मांडायला पातेली. आता सोनूबाईंच्या निवृत्तीच्या फंडातून तिसरी खोली बांधायचा त्यांचा बेत होता. त्या आठ महिने नुसतं "बघू" म्हणत होत्या.

आज त्या मोटारसायकलवर मागे बसून सोबत निघाल्या.

"काका, एवढ्यासाठी धावत आलात?" रत्नदीप ओशाळला. "तासाभरात एखादा थेंब पडतो, एवढंच."

सदानंदराव पाना घेऊन खाली बसले. सोनूबाई शेजारच्या रिकाम्या खोलीत गेल्या. नळ उघडला, बंद केला, मिनिटभर मनगटाकडे पाहत उभ्या राहिल्या. शून्य. छतावर एकही डाग नाही. गिझरचं पाणी बोटाला चटका देणारं.

हात पुसत सदानंदराव मागून आले.

"भाडं किती हिचं?" सोनूबाईंनी विचारलं.

"साडेचार हजार. पन भाडेकरू कसा निघंल, काय सांगता येत नाय. रिस्क असते. पेन्शनवालं, एकटं मानूस मिळालं तर सोनं!"

"दारू नाय, पोरंबाळं नाय, भाडं एक तारखेला?"

"असंच! हाय का कोन तुझ्या वळखीत?"

"हाय." सोनूबाईंनी पुन्हा एकदा नळाकडे पाहिलं. "तिसरी खोली नाय बांधायची. ही मला द्या. एक तारखेपासून मी भाडेकरू."